परत केलेलं वाण

हॅमिल्टन, २३ जानेवारी २०२४

कस्तुरी,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तुला ब्लॉक केलंय आणि फोन मी उचलणार नाही, तेव्हा उरलं टपाल. पत्राचा एक फायदा असतो, तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

शनिवारी सुरेखाच्या बेसमेंटमध्ये सगळ्या बायकांसमोर मी तुझं वाण तुझ्याच पिशवीत परत टाकलं. तेव्हापासून सुरेखाचे फोन चालू आहेत. "अगं, वाण कुणी रिटर्न करतं का? इट्स नॉट लाइक अ स्वेटर." नाही करत, मलाही ठाऊक आहे. माझ्या आईने सांगलीत आयुष्यभर चहाच्या गाळण्या आणि साबणाच्या डब्या हसत हसत घेतल्या आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यांच्या गळ्यात मारल्या. पण सांगलीत कुणी संक्रांतीला असली ट्यूब वाटली नव्हती.

आणि नुसती वाटली असतीस तरी एक वेळ खपलं असतं. तू उभी राहिलीस. ओटावात तुझ्या फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहतेस तशी, जरीची साडी नेसून. म्हणे पाळी गेल्यावर बाईला तिथे कोरडं पडतं, नवऱ्याने जवळ येणं दुखायला लागतं, मग हळूहळू इच्छाच जाते आणि आपण 'वय झालं' म्हणून गप्प बसतो. बसू नका, याला उपाय असतात, ही ट्यूब घ्या आणि पुढचं डॉक्टरांना विचारा. बायका तिळाच्या वड्या तोंडात धरून बसल्या होत्या, चावायची कुणाची छाती होईना. फक्त सुरेखाच्या सासूबाई ताराबाई निवांत होत्या, कारण त्यांनी मशीन कानात घातलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे ट्यूब उघडून टाचांना चोळली आणि म्हणाल्या, "छान आहे हो, चिकट नाही." तेव्हा सगळ्या हसल्या. मीही हसले, ते तू पाहिलं असशील.

मग तू माझ्यापाशी आलीस, कुंकू लावलंस, हात दाबलास आणि कानात म्हणालीस, "पद्मे, खरं तर हे तुझ्यासाठीच आणलंय. तुला एकटीला कसं देणार, म्हणून सगळ्यांना दिलं."

म्हणजे तुला माहीत आहे. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, पोटच्या गौरांगीला नाही, डॉक्टरला नाही. आमच्या बेडरूममधली गोष्ट दोनच माणसांना ठाऊक, त्यातली एक मी. दुसरा दर महिन्याला कामासाठी तुमच्या ओटावातल्या कॅनाटाला येतो आणि तुझ्याकडे जेवतो.

तुझा अनिरुद्ध गेल्यावर तुला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, अशी मंडळात कुजबुज झाली होती. तेव्हा 'कस्तुरी नसेल तर मीही नाही' असं म्हणणारी मी होते. त्याची ही परतफेड. नवरा माझा, दुखणं माझं, आणि चर्चा तुझ्या डायनिंग टेबलावर.

उत्तर पाठवायची गरज नाही.

पद्मजा


हॅमिल्टन, ११ फेब्रुवारी २०२४

कस्तुरी,

गरज नाही म्हटलं तरी पाठवलंसच. चार ओळी. "नंदन मला काहीही बोलला नव्हता. मला कळलं, कसं ते तूच आठव. तुझं वाण माझ्याकडे ठेवलंय. दिलेलं वाण मला परत घेता येत नाही." कोड्यात बोलायची तुझी सवय होस्टेलपासूनची आहे.

मी विश्वास ठेवलाही असता. पण गेल्या रविवारी ग्रोसरीला निघालो होतो. नंदन गाडी चालवत होता आणि गाडीच्या स्क्रीनवर तुझं नाव आलं. नुसतं 'कस्तुरी'. माझं त्याच्या फोनमध्ये 'पद्मजा होम' आहे, जशी मी घराची लँडलाइन. त्याने फोन कट केला. मी म्हटलं, "घे की, बोल." तर म्हणतो, "नंतर बघू, आत्ता ट्रॅफिक आहे." रविवारी सकाळी कसला आलाय ट्रॅफिक? मग कांदे घेतले, कोथिंबीर घेतली, आणि घरी येईपर्यंत दोघं हवामानावर बोलत राहिलो.

आता तू म्हणशील, पद्मा, संशयाला औषध नाही. नसू दे. मला संशय घ्यायचा हक्क आहे, कारण नंदन आधी तुला बघायला आला होता. सगळे विसरले, मी विसरलेले नाही. कांदेपोहे तू केलेस, त्याने दोनदा मागून घेतले, आणि तू नको म्हणालीस. म्हणालीस, मुलगा चांगला आहे, पण फार शांत आहे, माझ्या रूममेटला शोभेल. म्हणजे तू नाकारलेला नवरा मी पदरात घेतला, आणि तोही ताटात पडेल ते जेवणाऱ्या माणसासारखा काही न बोलता माझ्याशी लग्न करून मोकळा झाला. इतक्या वर्षांत मी तुझ्यासारखे पोहे करायचा प्रयत्न केलेला नाही. त्याने मागितलेही नाहीत. मागितले असते तर बरं झालं असतं.

तुझ्याकडे बघून आग होते माझी. छप्पन्न वय आहे तुझंही. पाळी तुझी माझ्याआधी गेली, घाम तुलाही फुटायचे, हिवाळ्यात खिडक्या उघडून तूही बसायचीस. मग तुझ्या गालांवर ही चकाकी कुठून आली? संक्रांतीला तू सुरेखाकडे आलीस तेव्हा वर हॉलमध्ये बसलेला नंदन उभा राहिला, तुझा कोट घेतला, काहीतरी म्हणाला आणि तू मान मागे टाकून हसलीस. मला तसं हसता येत नाही आता. माझं सगळं वाळल्यासारखं झालंय, हसूसुद्धा.

तो खाली बेसमेंटमध्ये झोपतो. विचारशील तर सांगते, घोरतो म्हणून.

पद्मजा


हॅमिल्टन, ९ एप्रिल २०२४

कस्तुरी,

काल इथे खग्रास ग्रहण होतं. तुमच्याकडे पूर्ण दिसलं नसेल, आमचं हॅमिल्टन बरोबर पट्ट्यात. गौरांगी वॉटर्लूहून मुद्दाम गाडी घेऊन आली, चष्मे आणले, शेजाऱ्यांनी ड्राइव्हवेत खुर्च्या मांडल्या. आई इथे असती तर तिने आम्हाला घरात कोंडून ठेवलं असतं. मी तेवढं केलं नाही, पण सकाळची भाजी टाकून दिली, ते गौरांगीने पाहिलं आणि "आई, सिरियसली?" म्हणाली.

आमच्या गल्लीवर ढग होते. सूर्य काही दिसला नाही, अंधार मात्र पडला. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले, पक्षी गप्प झाले. गौरांगी पुढे रस्त्यावर पोरांबरोबर उभी होती. आम्ही दोघं मागे, गॅरेजच्या दाराशी. नंदनने माझा हात धरला. मी काढून घेतला. विचार करून नव्हे, आता हात आपोआपच निघतो.

आणि त्या अंधारात तो म्हणाला, "पद्मजा, तुला माझी किळस येते का?"

कस्तुरी, हा माणूस तुला माहीत आहे. बॉस ओरडला तरी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो. उजेडात त्याने हे कधीच विचारलं नसतं. मी म्हणाले, "तू घोरतोस." तेवढ्यात उजेड आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला तिथे रडताही येईना.

गौरांगी परत गेल्यावर स्वयंपाकघरात मी त्याला सांगितलं. एकच शब्द सांगितला, "दुखतं." तो म्हणाला, "कुठे?" इंजिनियर आहे, त्याला आधी जागा लागते. मग त्याला कळलं. खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "किती दिवस?" मी म्हणाले, दिवस कसले, वर्षं. आधी दुखायचं, मग दुखेल या भीतीने नको वाटायचं, मग नुसतंच नको वाटायला लागलं. तू जवळ सरकलास की मी दिवसभराची कामं मनात मोजायचे. मग उपास आला, डोकेदुखी आली, तुझं घोरणं आलं. तो खवळला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "मी तुला दुखवत होतो आणि तू मला कळू दिलं नाहीस? व्हॉट डू यू थिंक आय अ‍ॅम?"

मग त्याने तुझ्या फोनचं सांगितलं. संक्रांतीला मी वाण फेकल्यावर त्याने तुला गाठलं. म्हणे तुला विचारलं, "पद्मजाला मी नकोसा झालोय का? तुझ्याजवळ काही बोललीय का?" आणि तू म्हणालीस, "नंदन, ते तिलाच विचार. मी सांगणार नाही." त्याने विचारलं का, हे बघायला तू त्या रविवारी फोन केला होतास. त्याला विचारायला ग्रहण यावं लागलं.

म्हणजे संक्रांतीआधी तो तुला काही बोलला नव्हता. तुझ्या चार ओळी खऱ्या होत्या. आणि मला आठवलंही. गणपतीत आम्ही तुझ्याकडे आलो, तू गेस्टरूममध्ये दोघांची एक गादी घातलीस, आणि मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, मला वेगळी खोली दे. उश्या उचलल्यास आणि माझी गादी तुझ्या ऑफिसात घातलीस. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, हिने विचारलं नाही.

तरी तुझा राग गेला, असं समजू नकोस. त्याला माझं दुःख विचारायला तूच सापडलीस, हे मला अजून टोचतं.

पद्मजा


हॅमिल्टन, १७ जून २०२४

कस्तुरी,

तुझं पत्र मिळालं. मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसले.

आधी माझं सांगते. डॉक्टरकडे गेले. मुलगीच आहे ती, गौरांगीहून चार वर्षांनी मोठी असेल. दर वर्षी विचारायची, आणखी काही त्रास? मी दर वर्षी नाही म्हणायचे. या वेळी हो म्हणाले आणि पुढे तोंडच उघडेना. इंग्रजीत कसं बोलायचं ते मी गाडीत घोकून गेले होते, पण तिथे गेल्यावर मला मराठीतही सुचेना. नंदन बरोबर होता. तो म्हणाला, "शी हॅज पेन. अँड शी डिडंट टेल मी." मुलीने मान डोलावली, जशी रोज ऐकते. तिने तपासलं, इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, तिथेच लावायचं. म्हणाली, दुखणं यानं कमी होईल, थोडा वेळ लागेल. पण इच्छेचं वेगळं आहे. ती एका ट्यूबने येत नाही. झोप, मन, मी घेते ती मनाची गोळी, नवऱ्याशी न बोललेली वर्षं, सगळ्याचा त्यात हात असतो. गोळी बदलून बघू म्हणाली. दोघांनी बोलायला एका बाईंचं नाव दिलं. परतताना गाडीत नंदन म्हणाला, "मला वाटलं होतं अँटिबायोटिकसारखं असेल."

आता तुझं. यशोधन. नाव कसं घरंदाज निवडलंस. कॅनाटातला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, डिसेंबरपासून तुमचं जमलंय, आणि तू मला सांगितलं नाहीस, कारण 'तुला कसं वाटेल कळेना'. मी तुला नंदनवरून टोचत होते तेव्हाही तू हे नाव पुढे केलं नाहीस. सगळं एका ओळीत मिटलं असतं.

मला कसं वाटलं सांगू? तुझ्या गालांवरची चकाकी नंदनमुळे नव्हती, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट जास्त पेटले. दोन दिवस नंदनशी नीट बोलले नाही, त्याची काही चूक नसताना. बॅकयार्डातलं गवत उपटत बसले, काही चांगली रोपंही उपटली गेली.

तू लिहिलंयस की तो ओ-ट्रेनच्या स्टेशनवर तुला घ्यायला येतो आणि लांबून दिसला की तुझी पावलं कॉलेजातल्यासारखी भरभर पडायला लागतात. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. मला खात्री आहे तू सहज लिहून गेलीस. ज्याच्याकडे असतं तो सहजच लिहितो.

नंदन तुझ्याकडे बघतो म्हणून मी जळत होते, असं मला वाटत होतं. ते खोटं होतं. नंदन कुणाकडे बघेल याची मला खरी भीती कधीच नव्हती. तुला अजून हवंसं वाटतं, याने मी जळते. मला कुणी हवं असावं, माझा माझा हात पुढे जावा, हे होऊन किती काळ लोटला ते मला सांगताही येणार नाही. नंदनला काय मिळत नाही त्याची सगळ्यांना काळजी, तुझी ती ट्यूब, ती डॉक्टर, सगळा उपचार. पण मला काय मिळत नाही? समोर पान वाढलेलं आहे, माणूस चांगला आहे, आग्रह करत नाही, आणि मला भूकच नाही. दुसरी शेजारी बसून बोटं चाटत जेवते आहे. अशा वेळी त्या दुसरीला काय म्हणावं, तूच सांग.

मला ती भूक परत हवी आहे, कस्तुरी. नंदनसाठी नको, माझ्यासाठी. तेवढं झालं नाही तर बाकीच्या क्रीमचा मला उपयोग नाही.

पद्मजा


हॅमिल्टन, १४ ऑक्टोबर २०२४

कस्तुरी,

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. गौरांगी आली होती, टर्कीऐवजी पावभाजी खाऊन गेली. जाताना बेसमेंटमध्ये काहीतरी शोधायला उतरली आणि वर येऊन म्हणाली, "बाबांचा बेड स्ट्रिप्ड का आहे?" नंदन लाल झाला. मी म्हटलं, चादरी धुवायला टाकल्यात. ती आमच्या दोघांकडे बघून "ओके, आय डोन्ट नीड टु नो" म्हणाली आणि पळाली.

उगाच कल्पना करू नकोस. तो वर आलाय एवढंच. सुरेखाला यातलं काही सांगू नकोस, उद्या हॅमिल्टनभर होईल. दुखणं बरंच गेलंय. डॉक्टरने नाव दिलेल्या त्या बाईंकडे आम्ही जातो. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की काही दिवस पुढचं काही करायचंच नाही, नुसतं जवळ बसायचं, पाठीवर हात, एवढंच. नंदनला हा प्रोजेक्ट फार आवडला. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की पुढे काही होणार नाही हे ठाऊक असलं की मी कामं मोजत नाही. त्याच्या मानेला अजून तोच वास येतो, लग्नातला. मी विसरले होते.

इच्छा आली का, विचारशील. रोज नाही. कधी मधे, चुकून आल्यासारखी, आणि मी वळून बघते तोवर गेलेली असते. गेल्या आठवड्यात तो डिशवॉशर भरत होता, बाह्या वर केलेल्या, आणि मी आपण होऊन मागून हात टाकला. त्याच्या हातातली वाटी पडली. फुटली नाही, स्टीलची होती.

तुला अनब्लॉक केलंय. फक्त डीपी बघायला. यशोधनच्या खांद्यावर डोकं ठेवलेला फोटो लावलायस, मागे कालवा आणि लाल पानं. तुझ्या वयाच्या बाईला शोभत नाही, असं मी नंदनला म्हटलं. तो म्हणाला, "तुलाही हवाय का तसा?" मी फोन पालथा ठेवला. हवाय.

पद्मजा


हॅमिल्टन, २१ जानेवारी २०२५

प्रिय कस्तुरी,

वर बघितलंस? बघ, आणि पुढे वाच.

सुरेखाचं हळदीकुंकू झालं. तू आली नाहीस, बर्फाचं कारण सांगितलंस. मला माहीत आहे, माझ्यामुळे आली नाहीस. ताराबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "गेल्या वर्षीची ती टाचेची ट्यूब देणारी मुलगी कुठाय? संपली माझी." मग अपूर्वा, ती चष्मेवाली, जी तेव्हा सर्वांत जोरात हसली होती, हळूच म्हणाली, "माझीही संपली." मग आणखी एक. मान वर न करता. त्यांच्या टाचांना काहीही झालेलं नाही, एवढं मला कळतं.

तुझा निरोप वाचला. एक फेब्रुवारीला सिटी हॉलमध्ये लग्न करताय आणि मी यावं असं तुला वाटतं. नंदनने लगेच विंटर टायर तपासले, चारशे-पाचशे किलोमीटर बर्फातून जायचंय म्हणून. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण मला ठाऊक आहे तिथे काय होणार. तू त्याच्याकडे बघशील, आणि मी पुन्हा जळेन. हेवा माझा गेलेला नाही, जाणारही नाही. तू होस्टेलातही माझ्याआधी अंघोळीला जायचीस आणि गरम पाणी संपवायचीस. पण आता जळण्यात थोडा फरक पडलाय. आधी वाटायचं, हे माझ्यासाठी संपलं. आता वाटतं, ही माझ्यापुढे आहे, मी मागून येते आहे.

आम्ही आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी निघू. रथसप्तमी लग्नानंतरच्या मंगळवारी आहे, म्हणजे वाण घ्यायला उशीर झालेला नाही. माझं तुझ्याकडे आहे ना, ते काढून ठेव. तारीख उलटली असेल तर नवी घे, तुझ्या दुकानात काही कमी नाही. मी माझी आणते आहेच, पण वाण हे वाण, आणि ते मी सगळ्यांसमोर घेणार आहे.

आणि एक. गणपतीत मी तुला बाजूला घेऊन जे मागितलं होतं, ते आता नको. ऑफिसातली गादी उचल. गेस्टरूममध्ये एकच घाल. तो घोरेल, ते माझं मी बघीन.

तुझी,
पद्मा